फडताळाचा पत्ता

मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या शिक्षिकेने संगणकाच्या भानगडीत पडावे कशाला, असे तुमच्यापैकी कोणी विचारील. मी पडले ती या वार्षिकांकामुळेच. आपल्या जुन्या अंकांतील मजकूर ज्या टंकात जुळविला होता, तो टंक शाळेच्या नव्या संगणकावर नाही. त्यामुळे फाइल उघडावी तर कवितेच्या जागी रोमन अक्षरांची व चिन्हांची नुसती रास दिसे. पैनगंगेच्या या काठावर मराठीत लिहिणारी मुले आधीच मोजकी. त्यांचे लिहिलेले असे मुके होऊन पडावे, हे मला बरे वाटेना.

हैदराबादेस शिकणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने पर्ल भाषेतील एक आज्ञावली लिहून पाठविली. पर्ल भाषा लॅरी वॉल यांनी १९८७ च्या डिसेंबरात प्रसिद्ध केली. (आमच्या गोव्यात कोंकणीला राजभाषेचा मान मिळाला तोही १९८७ सालीच, तेव्हा मला उगाचच जिव्हाळा वाटला.) वॉल हे भाषाशास्त्र शिकलेले गृहस्थ. जुन्या टंकांत ‘कि’ची वेलांटी आधी व ‘क’ मागून साठविलेला असतो, कारण कागदावर वेलांटी आधी दिसते. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराप्रमाणे ‘क’ आधी. कोणत्या चिन्हाचे कोणते अक्षर, याचा तक्ता वाचण्यासाठी त्या आज्ञावलीला ‘टेक्स्ट::सीएसव्ही’ नावाचे मॉड्यूल, म्हणजे दुसऱ्याने तयार करून ठेवलेले हत्यार, लागत होते.

अशी हत्यारे सीपॅन या भांडारात १९९५ पासून विनामूल्य मिळतात. पण संगणकाच्या मुख्य कोठारात भर घालण्यास परवलीचा शब्द हवा, आणि तो ज्यांना ठाऊक, ते गृहस्थ बदलून गेलेले. “बाई, त्याची गरजच नाही,” विद्यार्थी फोनवर म्हणाला. “मुख्य पर्लवर संगणकाची स्वतःची कामेही चालतात, तिथे हात न लावलेलाच बरा. तुमच्या फोल्डरमध्ये वेगळे फडताळ करा.”

मी ‘पर्ल५’ नावाचे फोल्डर केले. स्थापनेच्या वेळी ‘इन्स्टॉल-बेस’ म्हणून त्याचेच नाव दिले. सारे निर्विघ्न पार पडले. आज्ञावली चालविली, तो उत्तर आले: मॉड्यूल सापडत नाही! पुन्हा स्थापना केली, पुन्हा तेच. तीन संध्याकाळी गेल्या. खेरीज अंक छापखान्यात द्यावयाचा दिवस जवळ येत होता.

पर्ल काही सारा संगणक धुंडाळीत नाही. त्याच्याजवळ जागांची एक यादी असते. तो क्रमाने पाहत जातो आणि जिथे प्रथम मिळेल तिथले उचलतो. या यादीत आपली जागा घालावयाची तर ‘पर्ल५लिब’ या नावाखाली ती नोंदवावी, किंवा आज्ञावलीतच ‘यूज लिब’ अशी ओळ लिहावी. मी नोंद केली होती. तक्रारीबरोबर छापलेल्या यादीत माझे ‘पर्ल५’ अग्रभागी दिमाखाने उभे होते, आणि म्हणूनच मला संशय आला नाही. वस्तुतः स्थापना करणारा त्या फोल्डरच्या आत ‘लिब’ व त्याच्याही आत पुन्हा ‘पर्ल५’ करतो. तेथे ‘टेक्स्ट’ हे फोल्डर, आणि त्यात ‘सीएसव्ही’ ही फाइल. नावातील दोन विसर्गांसारख्या खुणांचा अर्थ इतकाच. मी पत्ता दिला तो घराच्या दारापर्यंत, फडताळ राहिले आतल्या खोलीत. प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहिणाऱ्यांवर मी वर्गात किती रागावते, हे तुम्हांस ठाऊकच आहे. असो.

जुन्या पुस्तकात वाचून मी मॉड्यूल आज्ञावलीच्या शेजारीही ठेवून पाहिले होते. पूर्वी पर्ल उभ्या जागीही शोधीत असे; पण त्याच नावाची भलती फाइल तिथे कोणी ठेवली तर घात होईल, म्हणून २०१७ च्या ५.२६ या आवृत्तीपासून ती जागा यादीतून काढली आहे.

पूर्ण पत्ता दिला आणि आज्ञावली चालली. दुसऱ्या दिवशी पुन्हा अडली, कारण नोंद त्या एका खिडकीपुरतीच होती, ती बंद होताच गेली. मग ती सुरुवातीच्या फाइलीत कायमची लिहून ठेवली.

आता वेलांट्या जागेवर आल्या आहेत. रफार मात्र अजून चुकार आहेत: ‘सूर्य’चा ‘सूयर्’ होतो आणि ‘वर्ग’चा ‘वगर्’. तक्त्यात सुधारणा व्हावयाची आहे. तोवर असे शब्द हुडकण्यास नववीची मुले दर शनिवारी माझ्याबरोबर बसतात.