उसना घेतला तर परत कधी द्यायचा?

एक सोप्पा प्रयोग करा. मोठ्याने 'त्रेचाळीस' म्हणा आणि म्हणता म्हणता आकड्यात लिहा. कानावर आधी काय आलं? तीन. हाताने आधी काय लिहिलं? चार. आपल्याला यात काहीच वाटत नाही, कारण हे सगळं कधीच पाठ होऊन गेलंय. पण दुसरी-तिसरीतलं पोर जेव्हा ऐकून लिहायला बसतं, तेव्हा ते जे आधी ऐकतं ते आधी लिहितं. झाले चौतीस. बाई लाल फुली मारतात. त्या पोराचं नेमकं काय चुकलं, हे त्याला कोणी सांगत नाही.

आमच्या धंद्यातल्या लोकांना 'एन्डियन'ची भानगड माहीत असते. आकड्याचं मोठं टोक आधी ठेवायचं की छोटं, यावरून मशिनं बनवणाऱ्यांची जुनी भांडणं आहेत. मराठी या बाबतीत अजब आहे. 'एकशे त्रेचाळीस' म्हणताना आपण आधी शंभर म्हणतो, मग तीन, मग चाळीस. म्हणजे धड हेही नाही आणि धड तेही नाही! जुन्या पीडीपी-११ मशीनवर ३२ बिटांचे आकडे असेच मधूनच उलटे ठेवलेले असायचे आणि त्याला लोक अजून नावं ठेवतात. आपण मात्र भाजी घेताना रोज हेच करतो :)

त्यात आणखी 'एकोण'चा घोळ. एकोणतीस म्हणताना 'तीस' ऐकू येतं, पण लिहायचे असतात दोन आणि नऊ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हेच. मुलाला जरा पॅटर्न सापडतोय असं वाटेपर्यंत नव्व्याण्णव येतात, आणि तिथे एकोण नाही. आणि बावन्न? त्यात धड 'दोन'ही नाही आणि धड 'पन्नास'ही नाही. मी शनिवारी ज्या मुलांबरोबर बसतो त्यांच्यात एक कर्नाटकातून आलेला मुलगा आहे. तो घरी 'इप्पत्तोंदु' म्हणतो. इप्पत्तु म्हणजे वीस, ओंदु म्हणजे एक. तो कन्नडात म्हणत म्हणत आकडे लिहितो तेव्हा सगळे बरोबर. तेच मराठीत सांगितले की अडखळतो. डोकं तेच, पेन्सिल तीच.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता आठवतंय? थेट विधानसभेपर्यंत. व्हॉट्सॲपवर तर नुसता पाऊस. मराठी बुडाली, संस्कृती बुडाली वगैरे. त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर (२०२३ साली त्या गेल्या) शांतपणे सांगत होत्या की जुनी नावं काही काढून टाकलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून ही एक वाट दिली आहे. पण ऐकतो कोण! माझं मत विचाराल तर एकवीस, बावीस यायलाच हवेत. बाजारात कोणी 'वीस दोन रुपये' म्हणणार नाही. पण जिन्याला कठडा असला म्हणून जिना बाटत नाही. विनोद करणाऱ्यांपैकी किती जणांनी एखाद्या सात वर्षांच्या पोराला 'सदुसष्ट' लिहायला सांगून पाहिलं होतं, देव जाणे.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

आमच्या सोसायटीच्या मागे दोन मोठे टॉवर उभे राहतायत. तिथल्या कामगारांच्या पत्र्याच्या खोल्यांपाशी आम्ही तिघं-चौघं शनिवारी सकाळी दोन तास मुलांना घेऊन बसतो. समाजसेवा वगैरे मोठा शब्द नको. त्यातली एक मुलगी, तिसरीत, मराठवाड्यातली. शाळेने तिच्यावर 'गणितात कच्ची' असा शिक्का मारून टाकलाय. वडील एकदा म्हणाले, "सर, हिला काय हिशेब जमंना. दिवाळीला गावाकडं धाडतो आजीकडं. इथं तरी काय करायली, धाकट्याला सांभाळायचं तर तिकडं सांभाळंल." ते हे रागाने बोलत नव्हते. एक निर्णय घ्यायचा होता आणि वहीतल्या लाल फुल्यांनी तो सोपा केला होता.

मी ती वही मागून घेतली. दहा वजाबाक्या, सहा चूक. ५२ मधून ३७ गेले, उत्तर २५. ६३ मधून २८, उत्तर ४५. ७१ मधून ४५, उत्तर ३४. ४० मधून १६, उत्तर ३६. जरा बघा. हे आंधळेपणाने ठोकलेले आकडे नाहीत. ती प्रत्येक घरात मोठ्यातून छोटा वजा करतेय, मग मोठा वर असो की खाली. सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन. झाले पंचवीस. आणि जी चार उत्तरं बरोबर होती त्यात हातच्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे मुलीचा प्रोग्रॅम अगदी इमानेइतबारे चालतोय, फक्त त्यात एक बग आहे. नेहमीचा, दर वेळी तसाच दिसणारा. आमच्याकडे असा बग सापडला तर लोक खूष होतात!

ही 'बग' म्हणण्याची कल्पना माझी नव्हे. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांवर एक निबंध लिहिला. त्यांच्या प्रोग्रॅमचं नावच 'बगी' होतं. तो एखाद्या चुकणाऱ्या मुलासारखी उत्तरं द्यायचा आणि शिक्षकांनी त्यामागचा बग ओळखायचा. मुलं वाट्टेल तशी चुकत नाहीत, कुठलातरी चुकीचा नियम नीट पाळतात, हे त्यातून फार छान दिसतं. लाल फुली नेमकं तेवढंच लपवते.

आणि ही एकटी आहे अशातला भाग नाही. 'प्रथम'च्या 'असर' पाहणीत मुलांना दोन अंकी, हातच्याची वजाबाकी देतात. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी ती येणारी निघाली ३३.७ टक्के. तीनातलं एक.

शिवाय ही मुलगी रोज दुकानात जाते. पन्नासची नोट देऊन सदतीसचं सामान आणलं तर तेरा परत घ्यायचे हे तिला पक्कं माहीत आहे. सदतीसला तीन चाळीस, आणि दहा. दुकानदाराची काय बिशाद आहे तिला फसवायची! पण तेच कागदावर उभं मांडलं की ते तिच्या लेखी पैसे उरत नाहीत, एकावर एक ठेवलेले सुटे अंक होतात. 'एकशे पाच' ती १००५ लिहिते. आधी शंभर लिहिले, पुढे पाच चिकटवले. बेरीज करायच्या जागी स्ट्रिंग जोडल्यासारखं. तुम्ही सांगा, ऐकलं त्यात काय चूक आहे?

मग अप्पा बळवंत चौकातून आईस्क्रीमच्या काड्या आणि रबरं आणली. दहा काड्या मोजायच्या, रबर लावायचं, गठ्ठा. पहिला पूर्ण शनिवार यातच गेला. माझ्यासोबतचा मित्र कंटाळला, म्हणाला एखादं ॲप दाखवू ना. पण स्क्रीनवरच्या गठ्ठ्याचं रबर पोराच्या बोटाला लागत नाही. दहा काड्या स्वतः मोजून बांधल्या की त्या गठ्ठ्यात दहा आहेत याबद्दल शंका राहत नाही, आणि नऊ बांधल्या तर शेजारचं पोर बोंब मारतं.

दुसऱ्या शनिवारी तिच्यापुढे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या ठेवल्या. मला सदतीस दे म्हटलं. तिने तीन गठ्ठे पटकन सरकवले. मग सात सुट्या द्यायच्या होत्या आणि हातात दोनच. मी म्हटलं, "शेजारून उसना घे." शाळेत हेच शिकवतात, आपणही हेच शिकलो.

तिने विचारलं, "उसना घेतला तर परत कधी द्यायचा?"

मला उत्तर सुचेना. कारण प्रश्न बरोबर आहे. ज्या घरात मुकादमाकडून उचल घेतली जाते आणि तिचा हिशेब महिनोन्‌महिने चालतो, त्या घरातल्या मुलीला उसना म्हणजे काय हे माझ्यापेक्षा चांगलं कळतं. वजाबाकीतला दशक कोणी कधी परत करत नाही. मुळात तो उसना नसतोच. आपलीच नोट, आपणच मोडतो. मी म्हटलं, "उसना नको. दुकानात शंभराची नोट असली आणि सुट्टे नसले तर काय करतो?"

"मोडतो."

"मग?"

तिने गठ्ठ्याचं रबर काढलं. दहा आणि दोन बारा. सात दिल्या, पाच उरल्या. उरलेला एक गठ्ठा आणि पाच काड्या बघून म्हणाली, "पंधरा," आणि मग जरा थांबून, "वहीत पंचवीस लिवलंय मी." रबर तिच्या मनगटात तसंच होतं.

त्यानंतर 'हातचा' आणि 'उसना' हे दोन्ही शब्द आम्ही तिथे बंद केले. 'मोड' म्हणायचं. वहीत मांडताना पाच खोडून चार करायचे, कारण एक नोट मोडली. सगळ्यांना जमलं असं नाही. कन्नड बोलणारा मुलगा अजून उत्तर तोंडीच देतो, लिहायला मागत नाही.

वडिलांशी परत बोलणं झालं. मी त्यांना फार काही सांगितलं नाही, वही दाखवली आणि ती एकच चूक सहा ठिकाणी कशी आहे ते बोटाने दाखवलं. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. सेंट्रिंगचं काम करणारा माणूस, एकच माप चुकलं की सगळे खांब एकसारखे चुकतात हे त्यांना सांगावं लागलं नाही. "दिवाळीपर्यंत राहू द्या मग. बघू," एवढंच म्हणाले. बघू म्हणजे हो नव्हे, हे मलाही कळतं. शिवाय टॉवरचं काम संपलं की ही सगळी मंडळी दुसऱ्या साईटवर जाणार, ती कुठे ते मुकादमालाच माहीत.

गेल्या शनिवारी २०४ मधून १८ दिले होते. दहा गठ्ठ्यांचा एक मोठा जुडगा, असे दोन जुडगे, आणि चार सुट्या. मध्ये एकही गठ्ठा नाही. ती काड्यांकडे बघत बसली. मग मोठ्या जुडग्याचं रबर सोडलं, दहा गठ्ठे मोकळे झाले, त्यातला एक परत सोडला.

"दोनदा मोडावं लागतं की, दादा."

हो म्हटलं. तिने आठ काड्या दिल्या, मग एक गठ्ठा दिला. तेवढ्यात दोन रबरं तुटली. या वेळी जाडी आणायला हवीत.