शनिवारचा सेन्सेई

टोकियोत निशी-कासाईला, म्हणजे आपल्या देशी मंडळींच्या अड्ड्यावर राहतो. ऑनसाइटवाल्याचा शनिवार झोपेत जायला हवा खरा, पण दहा वाजता सहा-सात वर्षांची आठ जपानी पोरं इंग्रजी शिकायला वाट बघत बसलेली असतात. पगार शून्य. तरी आठवडाभर बग निस्तरून मिळत नाही ते समाधान तिथे तासाभरात मिळतं.

जपानीत 'र' आणि 'ल' वेगळे नाहीत, आणि बहुतेक शब्द स्वरावर संपतात. म्हणून मिल्कचं 'मिरुकु' होतं. हसू नका हं, आपणही व्ही आणि डब्ल्यू दोन्ही एकाच 'व'वर भागवतो! सेन्सेईचीही जीभ अडते म्हटल्यावर वर्ग जाम खूश.

२०२० पासून तिथे पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झालाय, त्यामुळे पालकांना घाई. एक आई दर वेळी विचारते, "किती शब्द झाले?" तिची मुलगी दोन महिने तोंडच उघडेना. मीही 'बोल बोल' केलं नाही. चित्रावर बोट ठेवलं तरी चालेल, म्हटलं.

गेल्या शनिवारी फळ्यावर कुत्रा काढला. (आमची चित्रकला यथातथाच.) बाईसाहेब उठल्या आणि ठणकावून म्हणाल्या, "नो! क्यात्तो!"

शेवटी स्वर चिकटला होता, पण तो दुरुस्त करायला मन होईना. पाठ केलेलं नव्हतं ते. चक्क मला खोडून काढायला वापरलेलं इंग्रजी होतं!

बाहेर आईचा नेहमीचा प्रश्न. "दोन," मी म्हटलं. तिचा चेहरा पडला. मागे उभी मुलगी मात्र खुदकन हसली.