रोज पाहणारे डोळे
प्रौढ माणसाचे हातपाय पुन्हा वाढू लागले, तर घरच्यांना ते सर्वांत उशिरा कळते. लग्नातली अंगठी बोटात शिरेना, चपलेचे माप वाढले, दातांत फटी पडल्या, घोरणे वाढले, की आपण ‘वय झाले’ म्हणून मोकळे होतो. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते; तिच्यावरील गाठ, जी बहुधा कर्करोगाची नसते, वाढीचे संप्रेरक अतोनात स्रवते. पियेर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ साली या विकाराला अ‍ॅक्रोमेगॅली हे नाव दिले. रूप बिघडते हे दुःख आहेच. पण आम्हांला खरी धास्ती मधुमेहाची, रक्तदाबाची आणि वाढत्या हृदयाची वाटते. गाठ नाकावाटे काढता येते. वाढलेले हाड मात्र मागे फिरत नाही. शंका आल्यास लग्नाचा अल्बम घेऊनच डॉक्टरांकडे जावे आणि रक्ताची आयजीएफ-१ तपासणी करावी का, हे विचारावे.