आमच्या पद्मिनीचें दुखणें

आमच्या घरीं एक जुनी मोटार आहे. १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. आमचे वडील बंधू, ज्यांना सर्व घर दादा म्हणतें, त्यांनीं त्या काळीं नांव नोंदवून, कैक वर्षें वाट पाहून ती घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० या इटालियन गाडीच्या धर्तीवर ती तयार होई. मुंबईंत टॅक्सी म्हणून तिची सेवा २०२३ च्या ऑक्टोबरांत संपली; धंतोलीस आमच्या ओसरीपुढें मात्र ती अद्याप उभी आहे. दादांचें वय आतां ८४. वहिनी जाऊन ३ वर्षें झालीं, आणि तेव्हांपासून दादांची स्मृतिहि थोडथोडी सुटूं लागली आहे. पुतण्याचें म्हणणें असें कीं, दर ५ वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण करीत बसण्यापेक्षां गाडी मोडींत द्यावी. आमचें म्हणणें, दादा आहेत तोंवर हा विषय काढूं नये. या एका गोष्टीवरून घरांत दोन तट पडलेले असतांनाच गेल्या वैशाखांत गाडीनें रामटेकच्या वाटेवर दगा दिला.

कामठी व कन्हान मागें टाकून आम्ही थोडें पुढें गेलों असूं. इंजिन दोन आचके देऊन बंद पडलें. ऊन ४५ अंशांचें, गाडींत मुलेंबाळें. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीनें बॉनेट उघडून पाहिलें न पाहिलें आणि निदान सांगितलें, "सर, पेट्रोल पंपातच उडून राह्यलं. ओलं फडकं ठेवा अन् दहा मिनटं थांबा." उन्हानें पंपांत पेट्रोलची वाफ झाली म्हणजे पंपास पेट्रोल ओढतां येत नाहीं, हें खरेंच आहे. फडकें ठेविलें, दहा मिनिटांनीं गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून पाण्याचें भांडें व फडकें हा आमच्या प्रवासाचा नित्य सरंजाम झाला. गाडी दर वेळीं बंद पडे आणि दर वेळीं फडक्याचा गुण येई. पुतण्याच्या पक्षास मोठेंच बळ आलें.

लहानपणीं शास्त्रीबुवांपाशीं तर्कसंग्रह घोकलेल्या मनुष्यास इतक्यावर स्वस्थ बसवेना. एक असतां दुसरें असणें हा अन्वय. एक नसतां दुसरें नसणें हा व्यतिरेक. फडकें ठेविलें असतां गाडी सुरू होते, हें आम्हीं दहा वेळां पाहिलें होतें. पण फडकें न ठेवितां काय होतें, हें एकदांहि पाहिलें नव्हतें! पुढच्या खेपेस अंबाझरीच्या रस्त्यावर गाडी थांबली, तेव्हां आम्ही फडकें मांडीवर घेऊन, घड्याळाकडे पाहत, नुसते बसून राहिलों. दहा मिनिटांनीं गाडी निमूटपणें सुरू झाली. म्हणजे कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गांठ पडत होती. गुण फडक्याचा नव्हता, थांबण्याचा होता. थांबल्यानें कांहीं तरी निवत होतें; तें काय, एवढाच प्रश्न उरला.

येथें आमच्या नातवाची, म्हणजे पुतण्याच्या मुलाची, मदत झाली. तो पॉलिटेक्निकांत शिकतो. त्यानें एक लहान बल्ब व दोन तारा जोडून टेस्ट लॅम्प तयार केला.

मोटारींत ठिणगी कशी पडते, हें ज्या वाचकांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. बॅटरीचे १२ व्होल्ट प्लगच्या फटींतून ठिणगी उडविण्यास अगदीं अपुरे. तेथें हजारों व्होल्ट लागतात. तें काम कॉइल करते. तिच्या पोटांत लोखंडी गाभ्याभोंवतीं जाड तारेचे थोडे आणि केसासारख्या तारेचे हजारों वेढे तेलांत बुडविलेले असतात. जाड तारेंतला प्रवाह एकाएकीं तोडला कीं बारीक तारेंत मोठा दाब उत्पन्न होतो. १८३१ सालीं फॅरडेनें शोधून काढलेलें तत्त्व तें हेंच. प्रवाह तोडण्याचें काम डेल्कोंतले पॉइंट करतात. ते उघडले असतां मधली फट जेमतेम ०.४ मिलिमीटर, आणि इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असलें तर त्यांची उघडझांप ६००० वेळां! पॉइंटांवर ठिणगी उडून ते जळूं नयेत व प्रवाह झटकन् तुटावा, म्हणून शेजारीं एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. डेल्को या शब्दानें आम्हांस फार दिवस कोड्यांत टाकिलें होतें. मिस्त्रीमंडळींचा हा शब्द म्हणजे अमेरिकेंत डेटन गांवीं १९०९ सालीं केटरिंग प्रभृतींनीं काढलेल्या डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनीचीं आद्याक्षरें होत. यास्कासहि ही व्युत्पत्ति सुचती ना.

गाडी तापून बंद पडतांच नातवानें लॅम्पची एक तार कॉइलच्या डेल्कोकडील टोंकास लाविली व दुसरी इंजिनाच्या लोखंडास. आम्हीं सेल्फ मारला. दिवा उघडझांप करूं लागला. अर्थात् पॉइंट आपलें काम करीत होते व बॅटरीचा प्रवाहहि येत होता. दिवा एकसारखा लागून राहता तर पॉइंट मळले आहेत असें समजावयाचें, आणि मुळींच न लागता तर प्रवाह येत नाहीं किंवा वाटेंत कोठें तार लोखंडास टेकली आहे असें. मग डेल्कोच्या झांकणांतली मधली जाड तार काढून तिचें टोंक इंजिनापासून पाव इंचावर धरलें. निळी, कडकडणारी ठिणगी पडावयास हवी होती. पडली ती पिंवळी, मेल्यासारखी. कंडेन्सर स्वस्त, म्हणून तो आधीं बदलला. फरक पडला नाहीं. शेवटीं तेंच आमचें फडकें, टोंकांस पाणी लागूं न देतां, कॉइलच्या अंगाभोंवतीं गुंडाळलें. दोन मिनिटांत ठिणगी निळी झाली. आंतलें आवरण तापल्यावर सुटत होतें. नवी कॉइल बसविली, आणि त्या रात्रीं जेवतांना पुतण्याहि "काका, छान झालें," असें म्हणाला.

खरी चूक याच्या पुढें झाली. तीन आठवड्यांनीं एके दिवशीं चार वाजतां आम्हीं सहज बॉनेट उघडलें, तों नवी कॉइल हात ठेववेना इतकी तापलेली. गाडी तर आदल्या दिवसापासून जागची हलली नव्हती. इंजिन बंद असतां किल्ली चालू राहिली आणि पॉइंट मिटलेले असले, तर कॉइलींतून सुमारें ४ अँपिअर प्रवाह सारखा वाहतो. निवावयास तिला अवसरच मिळत नाहीं. पहिली कॉइलहि अशीच गेली असली पाहिजे. किल्ली कोण फिरवितें? नातू नुकताच गाडी शिकलेला. आम्हीं सर्वांदेखत त्यास फैलावर घेतलें. तो म्हणाला, "आबा, मी हात लावला नाही." आम्हीं त्यास खोटारडा म्हटलें. पोर कांहीं न बोलतां उठून गेलें, आणि पुन्हां गाडीपाशीं फिरकलें नाहीं.

पुढच्या आठवड्यांत तो चार दिवस अमरावतीस मामाकडे गेला होता. त्या चार दिवसांत तीनदां कॉइल तापलेली सांपडली. जो व्यतिरेक आम्हीं फडक्यास लाविला, तो नातवास लावण्याची बुद्धि आम्हांस झाली नव्हती. चवथ्या दिवशीं दुपारीं वीज गेली, झोंप लागेना, म्हणून आम्ही खिडकीपाशीं उभे राहिलों. दादा हळूच आले, गाडीचें डावें दार उघडून क्षणभर थांबले, तें अलगद लाविलें, मग फिरून आपल्या जागीं बसले. किल्ली लाविली. पुढचा तांबडा दिवा लागला. दोन्ही हात चक्रावर ठेवून ते अर्धा तास बसले. मधून मधून डावीकडे वळून कांहीं बोलत होते. मग किल्ली फिरवून, खिशांत टाकून, घरांत गेले.

नातू परत आला त्या संध्याकाळीं आम्हीं त्यास, सर्वांदेखतच, आपली चूक सांगितली. शाळेंत ३४ वर्षांत असें करण्याचा प्रसंग आम्हीं आपल्यावर येऊं दिला नव्हता, येऊनहि. तो लाजून "असूं द्या हो आबा," म्हणाला. किल्ली काढून घ्यावी, असें पुतण्यानें सुचविलें. नातू म्हणाला, नको. दुसऱ्या दिवशीं त्यानें किल्लीपासून कॉइलकडे जाणाऱ्या तारेंत, आसनाखालीं, एक चोर-स्विच बसविला. आतां किल्ली फिरविली कीं तांबडा दिवा लागतो, पण कॉइलला प्रवाह मिळत नाहीं. गाडी काढावयाची असेल तेव्हां आम्ही आसनाखालीं हात घालतों. मोडींत देण्याचा विषय पुतण्यानें त्यानंतर काढलेला नाहीं.

काल दुपारीं दादा गाडींतून उतरून आमच्याकडे आले. म्हणाले, "इंजिन आतां अगदीं बेआवाज चालतें हो. तिलाहि जाणवलें."