काटकसरी ऑटो

भोसरीतल्या एखाद्या शॉपमध्ये जपानी सीएनसी मशीनच्या मागे डोकावून बघा. जाळीच्या पेटीत, कूलंटच्या ड्रमला खेटून, हा उभा दिसेल. अंगाला व्हार्निशचा वास, त्यावर तेलकट धुळीचं पुट आणि दिवसभर एकाच पट्टीतली घूंऽऽ. मशीनला हवेत 220 व्होल्ट, लाइन देते 415. मधला व्यवहार याच्याकडे. खंडेनवमीला मशीनला झेंडूची माळ पडते. उरलंच तर एखादं फूल याच्या वाट्याला येतं.

ऑटोट्रान्सफॉर्मर हा जातीचा काटकसरी. साध्या ट्रान्सफॉर्मरला दोन वाइंडिंग लागतात, हा एकावर भागवतो. त्याच वाइंडिंगला मध्येच टॅपिंग काढलं की झालं. 415 चे 220 करताना निम्म्याहून थोडी जास्त वीज सरळ तारेतूनच पलीकडे जाते. उरलेलीच काय ती चुंबकाच्या वाटेनं. त्यामुळे 30 केव्हीएच्या मशीनला सुमारे 14 केव्हीएच्या मापाचं लोखंड-तांबं पुरतं. मालक खूश.

पण हा संसार म्हणजे एका खोलीत दोन बिऱ्हाडं, आणि मध्ये भिंत नाही. याचा धाकटा भाऊ घ्या, 230 चे 110 करणारा. बाहेरच्या दोन तारांत मीटर लावा: 110, अगदी शहाण्यासारखे. आता आत येणारे फेज-न्यूट्रल उलटे जोडा. दोन तारांत अजूनही 110 च. पण अर्थला धरून मोजलं तर एकीवर 120 आणि दुसरीवर 230. आणि वायरमन न्यूट्रल समजून बिनधास्त हात लावतो ती नेमकी ही दुसरी. यात त्याची लबाडी नाही. मी दोन बाजू वेगळ्या ठेवतो, असं तो कधी म्हणालाच नव्हता.

म्हणून नियमांनी त्याला हाकललं नाही, वेसण घातली. अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडचं कलम 210.9 सांगतं की याच्यावरून ब्रांच सर्किट काढायचं, तर पुरवठ्याची अर्थ केलेली तार लोडच्या तशाच तारेला थेट जोडलेली हवी. जाणकार माणसंच हात घालतात अशा कारखान्यांना 480 आणि 600 व्होल्टच्या अदलाबदलीपुरती यातून सूट आहे. कलम 450.4 नुसार फ्यूज लावायचा तो इनपुटच्या प्रत्येक फेजला, पूर्ण लोडच्या इनपुट करंटच्या फार तर 125 टक्क्यांचा. दोन्ही बाजूंच्या सामाईक वाइंडिंगमध्ये मात्र फ्यूज अजिबात नको. मला हे कलम फार आवडतं, कारण ते याचा स्वभाव ओळखून लिहिलंय. तो फ्यूज उडाला तर व्होल्टेज खाली धरणारा भागच सुटतो, आणि 220 च्या तारेवर 415 ची लाइन चढू लागते. रक्षणासाठी घातलेला फ्यूजच मशीनच्या मुळावर येतो.

यंत्रांच्या विजेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयईसी 60204-1, आपल्याकडे आयएस 16504 म्हणून आलंय. एसी लाइनवरून घेतलेल्या कंट्रोल सर्किटला ते वेगळ्या वाइंडिंगचाच ट्रान्सफॉर्मर मागतं. अगदी छोट्या, एका स्टार्टरच्या मशीनला तेवढी सवलत. थोडक्यात, मोटरचं ओझं याच्यावर खुशाल टाका, स्टार्ट-स्टॉपची बटणं नकोत.

तेव्हा जुनं मशीन विकत घेताना रंगरंगोटीवर जाऊ नका. मागे जा, पेटीवरची नेमप्लेट पुसून वाचा, आणि कंट्रोलची वीज कुठून घेतली आहे ते विकणाऱ्याला विचारा. उत्तर ‘याच्यावरूनच’ असं आलं, तर नव्या कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचे पैसे किमतीतून कापून घ्या.