ठुमकीचा पाय

पुठ्ठ्याच्या खोक्यात सात पिल्लं होती आणि सातही एकदम ओरडत होती. माझा भाचा पिल्लांच्या टेम्पोवर ड्रायव्हर आहे. उबवण केंद्रातून गावोगावच्या शेडवर खोकी पोचवतो. एका खोक्यात चार कप्पे, एका कप्प्यात पंचवीस पिल्लं. ती भरण्याआधी निवड होते. ज्याची बेंबी मिटलेली नाही, ज्याचा पाय वाकडा, ते बाजूला. "मावशी, ही टाकूनच देणार होते. म्हटलं, तू बघशील," एवढं बोलून तो चहासाठीही थांबला नाही. टेम्पोत दोन हजार पिल्लं खोळंबली होती.

खोकं चुलीपाशी ठेवून मी एकेकाला तळहातावर घेतलं. कोंबडीच्या पायाला पुढं तीन बोटं, मागं एक. पाच जणांची पुढची बोटं आत मुठीसारखी वळलेली. उरलेल्या दोघांचे पाय दोन्हीकडे फाकलेले, उभं राहायला गेलं की पोटावर आपटायची. बाकी सगळं धडधाकट. डोळे काळेभोर, आवाज खणखणीत. एवढ्याशा बोटापायी जीव टाकून द्यायचा, हे मला पटलं नाही, अजून पटत नाही. हजारांनी पिल्लं काढणाऱ्याला एकेकाचा पाय धरून बसायला सवड नसते, हे कळतं. माझ्याकडे सवड होती.

जानेवारीचा महिना, वाईच्या बाजूची थंडी. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 अंशांची ऊब लागते, नंतर दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची. गावातल्या दुकानात सगळे एलईडी दिवे, त्यांची ऊब ती काय! तारेचा जुना पिवळा बल्ब शेवटी माळ्यावर सापडला. आईच्या काळात पिल्लं कोंबडीच्या पंखाखाली वाढायची, तिला बल्ब ठाऊक नव्हता. पण तिनं शिकवलेली खूण इथंही लागू पडली: पिल्लं एकमेकांत घुसून गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय, लांब पळून चोच उघडून धापा टाकायला लागली तर उकडतंय, आणि पसरून निवांत पडली तर सारं ठीक. रात्री वीज गेली की गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून मधोमध ठेवायची. पिल्लं तिला अशी चिकटायची की बाटली दिसेनाशी व्हायची.

पहिल्याच रात्री माझ्या हातून चूक झाली. खाली वर्तमानपत्र अंथरलं. स्वच्छ दिसतं, बदलायला सोपं. सकाळी पाहते तो बोटं वळलेल्यांपैकी एकाचेही पाय फाकायला लागले होते. गुळगुळीत कागदावर पिल्लाचा पाय घसरतो, आणि पहिल्या दिवसांत घसरलेला पाय तसाच वळण घेतो. कागद काढून जुन्या टॉवेलचा तुकडा घातला. नंतर भाताचं तूस.

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एकेक पाय निरखून पाहिला. यंत्रातलं तापमान वर-खाली झालं, आईकोंबडीच्या खाद्यात ब-2 जीवनसत्त्व कमी पडलं किंवा दोष वंशातच असला, तरी बोटं अशी वळू शकतात म्हणाले. पाण्यातून द्यायला बी-कॉम्प्लेक्सचे थेंब लिहून दिले. "पण जे करायचं ते या दोन-तीन दिवसांत करा, हाडं मऊ आहेत तोवर."

फाकलेल्या पायांचा इलाज सोपा होता. जखमेवरची पट्टी उभी चिरून दोन्ही पायांना सैल वेढे दिले, मधे इंचभर अंतर राखलं. पिल्लू आधी धडपडलं, मग खाद्याकडे नेट लावून निघालं. चौथ्या दिवशी पट्ट्या सोडल्या तेव्हा तिघांतले दोघे सरळ उभे राहिले. तिसरं त्याआधीच, तिसऱ्या दिवशी पहाटे, बल्बखाली गार पडलेलं सापडलं. त्याला परसात पेरूखाली पुरलं.

वळलेल्या बोटांना मात्र चपला शिवाव्या लागल्या, दुसरा शब्द नाही त्याला. घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यातल्या जाड पुठ्ठ्याचे पिल्लाच्या पायाएवढे तिकोनी तुकडे कापले. मेडिकलमधून आणलेली कागदी चिकटपट्टी त्यावर उलटी लावली, बोटं एकेक उलगडून तिच्यावर टेकवली आणि वरून दुसरी पट्टी. काडीएवढं ते बोट धरताना माझा हात थरथरायचा. जोरात ओढलं तर मोडेल, हलकं धरलं तर पुन्हा मिटेल. सूनबाई पिल्लाचं डोकं ओंजळीत झाकायची, अंधार झाला की ते गप्प होतं. चपला चढवून खाली सोडलं की भातखाचराच्या चिखलातून चालावं तसं पाय उंच उचलून चालायचं. विष्ठेनं पुठ्ठा भिजला की कोमट पाण्यात पाय बुडवून सोडवायचा, पुसायचा, नवी चप्पल.

तीन दिवसांत बोटं उलगडली. फक्त एकीची राहिली. तिची डावी चप्पल रात्रीत निघाली होती आणि मी भल्या पहाटे साताऱ्याला कामाला गेले होते. परतले तेव्हा दिवेलागण झालेली. पुन्हा बांधलं, पुढं आठवडाभर बांधत राहिले, पण पुढची दोन बोटं जी आत वळली ती वळलीच. तो एक दिवस मला अजून सलतो. तिच्या चालीवरून तिला ठुमकी म्हणायला लागलो.

मग माझं काम बदललं. पाय सरळ होत नाही तर खुराडं त्या पायाजोगतं करायला हवं. कोंबडी दांडीवर बसली की पाय दुमडतो आणि बोटं दांडीभोवती आवळतात. ठुमकीची आवळत नव्हती, रात्री ती धपकन खाली यायची. उंचावरून पडून तळव्याला जखम झाली की आत पू धरतो. म्हणून गोल दांडी काढून चार बोटं रुंदीची सपाट फळी वीतभर उंचीवर ठोकली. वाकडं बोट जमिनीला घासत नाही, त्यामुळं नखं वाढत जातात. ती मी महिन्यातून एकदा टोकाला कापते, आतली रक्ताची शीर सांभाळून. बाकीची तिला खाद्यावरून हुसकायची म्हणून भांडी दोन केली, एक कोपऱ्यात. मानमोडीची लस तिलाही इतरांबरोबरच दिली.

सहाव्या महिन्यात तिनं पहिलं अंडं घातलं. शेजारच्या काकूंनी तिची अंडी उबवायला मागितली, मी दिली नाहीत. दोष वंशातला असेल तर तो पुढं चालवायचा नाही, यावर मी ठाम आहे. काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. आणि पुढच्या उन्हाळ्यात ठुमकीच खुडूक बसली. काकूंनी आपल्या कोंबडीची नऊ अंडी डालग्यातून आणून दिली. रात्री मी ती तिच्याखाली सरकवली.

एक अंडं तिच्याच पायाखाली फुटलं, दोन पोकळ निघाली. एकविसाव्या दिवशी सहा पिल्लं बाहेर आली. मी पहिलं उचललं आणि आधी पाय पाहिले. चारी बोटं मोकळी. दुसऱ्याचीही. तिसऱ्याला हात घालेपर्यंत ठुमकीनं मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं.

आता ती परसात उकिरड्यापाशी त्यांना घेऊन हिंडते. वाकड्या पायावर भार देऊन उभी राहते, उजव्यानं माती उकरते आणि किडा दिसला की हाका मारते. पिल्लं धावत येतात आणि तिच्याशेजारी उभी राहून दोन्ही पायांनी उकरायला लागतात.