बंद दुकानाचे व्याज

आमच्या हायब्रिड गाडीचे ऑइल गेल्या वर्षी मी मुद्दाम बदलले नाही. मुरबाडात तिचा फेरा घर, देरासर, गोदाम एवढाच. त्यातही बराच वेळ ती बॅटरीवर धावते. १०,००० किलोमीटर भरले नव्हते, मग खर्च कशाला, हा माझा हिशेब. बापूजींनी सर्व्हिस बुक चष्मा लावून वाचले: १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. मग एवढेच विचारले, “दुकान बंद ठेवले म्हणून व्याज थांबते का?”

कारण मेकॅनिकने सांगितले. जवळच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही. आतली वाफ उडून न जाता ऑइलमध्येच उतरते. टोपणाच्या आत खरोखरच दुधट साय धरली होती. याच गाडीतून बा माळशेज घाट चढून जुन्नरला माहेरी जाते, हे तेव्हा आठवले.

६,४०० रुपये झाले. ब्रेक पॅड मात्र जवळजवळ नवे निघाले, कारण वेग कमी करण्याचे बरेचसे काम मोटरच करते आणि त्यातून बॅटरीही भरते. बॅटरीच्या पंख्याची जाळी तांदळाच्या कोंड्याने भरली होती. ती झटकायला पैसे लागले नाहीत. लाज तेवढी वाटली.

पुढील तारीख बापूजींनी वहीत लिहून ठेवली आहे, देण्याच्या पानावर.